किल्ली धुणाऱ्याच्या खिशात हवी

नाशिकच्या अन्नप्रक्रिया कारखान्यांतले हातांचे जे अपघात मी ऐकले-पाहिले, त्यातले बरेचसे माल निघून गेल्यानंतरचे आहेत. शेवटची बॅच संपलेली असते, सुपरवायझर रिपोर्ट भरत बसलेला असतो आणि मशीन धुवायला काढलेलं असतं. उत्पादन चालू असताना माणूस मशीनला बिचकून असतो, झाकणंही जागेवर असतात. धुलाईत झाकणं निघतात आणि बिचकणंही जातं, कारण मशीन 'बंद' आहे.

सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये मशीनचं पोट उघडायची वेळ कधीमधी येते. कांदा वाळवणाऱ्या, टोमॅटोची प्युरी काढणाऱ्या किंवा मसाला दळणाऱ्या कारखान्यात ते रोज उघडावं लागतं. शेंगदाण्याचा माल संपवून बिनशेंगदाण्याचा घ्यायचा असेल तर मधेच पुन्हा एकदा. ही धुलाई मालकाच्या मर्जीवर नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या परवाना नियमांत, अनुसूची ४ मध्ये, यंत्रसामग्रीच्या स्वच्छतेच्या अटी आहेत, आणि निर्यात करणाऱ्यांच्या मागे बीआरसी किंवा एफएसएससी २२००० या अन्नसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांचे ऑडिटर असतातच. हे लोक पात्यावर स्वॅब फिरवतात, गॅस्केटच्या फटीत टॉर्च मारतात. त्या पात्यापर्यंत धुणाऱ्याचा हात कसा पोचला आणि त्या वेळी वीज कुठे तोडली होती, हे मात्र त्यांच्या यादीत नसतं. ती यादी खाणाऱ्याच्या सुरक्षिततेची आहे, तिचा दोष नाही. पण याचा परिणाम असा की स्वच्छतेचा दबाव बाहेरून रोज येतो आणि हाताच्या सुरक्षिततेचा दबाव कुठूनच येत नाही.

लॉकआउट, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे 'लोटो' (लॉकआउट-टॅगआउट, कुलूप आणि टॅग) म्हणतात, ते या दरीवरचं उत्तर आहे. मशीनची वीज, हवा, वाफ जिथून येते तिथे ती तोडायची, तोडलेल्या जागी स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि मग हात घालायचा. नाशिकमध्ये हे कोणाला माहीत नाही असं नाही. सिन्नर, गोंदे, दिंडोरीकडच्या बऱ्याच मोठ्या कारखान्यांत लाल कुलपांचा बोर्ड असतो. पण तो मेंटेनन्सच्या खोलीत असतो. कुलपांवर नावं वायरमनची आणि फिटरची. ट्रेनिंग झालं त्यांचं, सह्या त्यांच्या.

मशीनमध्ये रोज हात घालणारा माणूस मात्र वेगळाच आहे. तो रात्री दहाला ठेकेदाराच्या टेम्पोतून येतो. पेठ-सुरगाण्याकडचा असतो, नाहीतर बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला. फरसाण-मसाल्याच्या लहान युनिटमध्ये बहुतेक वेळा ती बाई असते, दिवसभर पॅकिंग करून शेवटचा तासभर धुलाईला लावलेली. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नावाच्या जागी '८ लेबर' एवढंच लिहिलेलं असतं. ज्याचं नाव गेटवर लिहिलं जात नाही, त्याच्या नावाचं कुलूप बोर्डवर कुठून असणार? माझं म्हणणं एवढंच आहे की लॉकआउट हा वायरमनचा विषय समजणं सोडून द्यावं. ज्याचा हात आत जातो त्याचं कुलूप, मग तो पगारी असो, ठेक्यावरचा असो की आजच आलेला असो.

धोका नेमका कुठे असतो ते कळायला एक स्क्रू कन्व्हेयर डोळ्यांसमोर आणा. कांद्याचे काप वर चढवणारा, तिरका बसवलेला. स्टीलची पन्हळ आणि तिच्यात पाती गुंडाळलेला दांडा. खालच्या टोकाला झाकण, चार विंग नट. पाती आणि पन्हळ यांच्यातल्या फटीत सालपटं बसतात, आणि ती पाण्याच्या जेटने निघत नाहीत, बोटांनीच काढावी लागतात. मशीनचं पॅनल पलीकडच्या भिंतीला किंवा वरच्या मजल्यावरच्या एमसीसी रूममध्ये, म्हणजे सगळ्या मोटरची कंट्रोल पॅनल असलेल्या खोलीत. धुणारा ओरडून विचारतो, "बंद आहे ना?" पलीकडून उत्तर येतं, "बटण मारलंय!" एवढ्या संवादावर हात खांद्यापर्यंत आत जातो.

बटण मारलंय म्हणजे काय झालंय? लाल बटणाने, अगदी मश्रूमसारख्या इमर्जन्सी बटणानेसुद्धा, साधारणपणे कंट्रोलचं सर्किट तुटतं आणि काँटॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा स्विच, सुटतो. त्या काँटॅक्टरपर्यंत तिन्ही फेज जिवंतच असतात. पुन्हा कोणी बटण दाबलं की मोटर फिरली. दाबणारा वैरी नसतो. पुढच्या मशीनवर काम करणारा, आपलं बटण समजून शेजारचं दाबणारा असतो. शिवाय धुलाई म्हणजे पाणीच पाणी. बटणांच्या डबीत पाणी शिरतं. पीएलसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर, चालणाऱ्या लाईनला फोटो सेन्सरसमोर पाण्याचा फवारा किंवा कोणाचा हात आला की माल आला असं वाटतं, आणि ऑटोमध्ये सोडलेली लाईन पुढचं पाऊल टाकते. झाकण उघडलं की मशीन थांबावं म्हणून बसवलेल्या चुंबकी स्विचला दुसरं चुंबक टेपने चिकटवून ठेवलेलं तर मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता नवल वाटत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सारखं ट्रिप होत होतं साहेब."

आपल्याकडे आणखी एक सवय आहे, तिच्याबद्दल परदेशी मॅन्युअलमध्ये कोणी लिहिणार नाही. लाईट गेली की धुवायला सुरुवात. पावसाळ्यात फीडर ट्रिप झाला, जनरेटरवर सगळी लाईन घ्यायची नाही, मग "तोपर्यंत साफ करून घ्या" असं फर्मान निघतं. नीट बसवलेला स्टार्टर लाईट गेल्यावर सुटतो आणि लाईट आल्यावर आपोआप लागत नाही, हे खरं. पण लहान युनिटमधल्या ग्राइंडरला आणि पीठ मळायच्या मशीनला किती ठिकाणी साधा रोटरी स्विच असतो? तो 'चालू'वरच राहतो. लाईट येते ती सांगून येत नाही.

वीज तोडून भागलं असतं तरी बरं झालं असतं. पाऊच पॅकिंग मशीनचे गरम जबडे हवेवर चालतात. मेन पाडला तरी सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली राहते. जबड्यात अडकलेला पाऊच ओढून काढला की अडलेला जबडा सुटतो आणि बोटांवर मिटतो. मसाल्याचा पल्व्हरायझर बंद केल्यावरही त्याचे हॅमर आपल्या वजनाने फिरत राहतात, आवाज थांबला की थांबले असं समजून झाकण उघडणारा फसतो. केटलच्या जॅकेटमध्ये वाफ असते, वर उचललेल्या हॉपरला स्वतःचं वजन असतं. म्हणून कुलपाबरोबर दोन कामं येतात. साठलेलं सगळं सोडून द्यायचं, आणि मग स्टार्टचं बटण मुद्दाम दाबून बघायचं. ही 'ट्राय'ची पायरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी. पॅनलवरचं लेबल चुकीचं असतं, मागच्या वर्षी लाईन वाढवताना केबल बदललेली असते, आणि आपण तीन नंबरच्या कन्व्हेयरला कुलूप घालून चार नंबरमध्ये हात घालत असतो. बटण दाबून पाहिल्याशिवाय हे कळायला दुसरा सोपा मार्ग नाही.

कायद्यात हे नव्हतं असं कोणी म्हणू नये. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ मध्ये १९७६ साली एक पोटकलम घातलं गेलं. वीज तोडणारं साधन चुकून 'बंद'वरून 'चालू'वर जाऊ शकत असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय असली पाहिजे, असं ते सांगत होतं. अमेरिकेने लॉकआउटचा स्वतंत्र नियम १९८९ मध्ये आणला; म्हणजे कुलपाची गोष्ट आपल्या कायद्यात तेरा वर्षं आधी लिहिलेली होती. त्याच अधिनियमाच्या कलम २२ नुसार हलत्या भागामुळे इजा होण्याचा धोका असेल तिथे महिलेला किंवा अल्पवयीन कामगाराला मशीन साफ करायला, तेल द्यायला लावता येत नव्हतं. अंबडच्या कुठल्याही फरसाणाच्या गाळ्यात संध्याकाळी सातला जाऊन बघा, साफ कोण करतंय ते. ओढणी कमरेला खोचलेली, ॲप्रनची नाडी लोंबतेय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना अधिनियम जाऊन व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आहे. जुन्या कायद्यातली झाकणं-जाळ्यांची तपशीलवार कलमं आता मुख्य कायद्यात नाहीत. ती मानकं आणि नियमांवर सोपवलेली आहेत. विजेवर चालणाऱ्या युनिटमध्ये वीसपेक्षा कमी कामगार असतील तर ते 'कारखाना' या व्याख्येतच बसत नाही. चिवडा, पापड, मसाल्याची बरीच लहान युनिटं यातच येतात. म्हणजे इन्स्पेक्टर येईल म्हणून कुलूप लावा हा युक्तिवाद लहान मालकापुढे चालणारच नाही, त्याला दुसऱ्या भाषेत सांगावं लागेल.

ती दुसरी भाषा पैशाचीही असू शकते, फक्त हिशोब पूर्ण मांडायला हवा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून एक यादी चालत आलेली आहे. तर्जनी मुळापासून गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के कमी झाली असं धरायचं, अंगठ्याला ३० टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. सातपूरच्या ईएसआय दवाखान्यात ज्यांना जावं लागलं त्यांना हे आकडे बरोबर ठाऊक असतात. बोटांचा भाव शंभर वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलेल्या देशात कुलपाचा भाव महाग वाटतो, ही गंमत मला अजून उलगडलेली नाही. प्लॅस्टिक बॉडीचं सेफ्टी कुलूप काही शे रुपयांना मिळतं. मशीनशेजारी कुलूप घालता येईल असा आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा स्विच, बसवायला मोटरच्या आकाराप्रमाणे काही हजार लागतात, आणि खरा खर्च तोच आहे, कारण एमसीसी वरच्या मजल्यावर असेल तर रात्री दोनला कोणी जिने चढणार नाही. हवेच्या लाईनला कुलूप घालता येणारा आणि बंद केल्यावर पुढची हवा सोडून देणारा व्हॉल्व्हही बाजारात आहे. नवीन मशीन मागवताना हे दोन्ही ऑर्डरमध्येच लिहिलं तर वेगळा खर्च जाणवतही नाही. मागवताना लिहीत मात्र कोणी नाही, सगळी चर्चा तासाला किती किलो यावर.

अन्नाच्या कारखान्यात कुलपाची स्वतःची कटकटही असते. साधं लोखंडी कुलूप कॉस्टिक आणि पाण्याने महिन्यात जाम होतं, कागदी टॅगचा लगदा होतो, आणि तो लगदा कोणाच्या तरी पाकिटात गेला तर वेगळीच आफत. म्हणून टॅग भिजून न फाटणारा, निळा, मेटल डिटेक्टरला सापडेल अशा प्लॅस्टिकचा घ्यावा. त्यावर इंग्रजीत 'डेंजर' छापण्याऐवजी मराठी-हिंदीत दोन शब्द आणि लावणाऱ्याचा फोटो असला की पुरे. फोटोला लोक मानतात. लाल पाटीकडे दुर्लक्ष करणारा माणूस शेजारच्या ओळखीच्या चेहऱ्यावर स्विच मारत नाही.

आता मालकांची जी एक तक्रार खरी आहे ती. पट्टा फिरल्याशिवाय धुता येत नाही. रोलर, चेन, जाळीचा पट्टा यांची घाण पट्टा पुढे सरकला तरच समोर येते. कुलूप घालून फक्त समोरचा दीड मीटर धुऊन होईल. सगळ्यालाच लॉकआउट लावा म्हणणारे सल्लागार इथे तोंडघशी पडतात आणि मग कामगार सगळाच लॉकआउट थोतांड समजायला लागतात. अमेरिकेच्या नियमातही उत्पादन चालू असताना नेहमी, वारंवार कराव्या लागणाऱ्या बारीकसारीक कामांना, दुसरा पक्का बचाव असेल तर, सूट आहे. धुलाईला ती सरसकट लागू होत नाही, पण त्यामागचा विचार उपयोगी आहे. पट्टा फिरवायचाच तर दाबून धरलं तेवढंच चालणारं जॉगचं बटण हवं, वेग कमी हवा, आणि ते बटण धुणाऱ्याच्याच हातात हवं. पट्टा फिरत असताना फक्त पाणी मारायचं, लांब दांड्याच्या ब्रशनेसुद्धा, पट्टा रोलरवर चढतो त्या चिमटीच्या उलट बाजूने. हात लावायची वेळ आली की पट्टा थांबवून कुलूप. फिरत्या पट्ट्याला फडकं लावून उभा राहणारा हेल्पर ही पद्धत पूर्ण बंद व्हायला हवी. फडकं रोलरमध्ये गेलं की सोडायला माणसाला वेळ मिळत नाही.

दुसरी अडचण गर्दीची आणि पाळी बदलण्याची. एका लाईनवर सहा जण असतील तर सहा कुलपं एकाच हॅस्पमध्ये, म्हणजे अनेक कुलपं अडकवता येतील अशा कडीत, आणि शेवटचं निघेपर्यंत मशीन मेलेलं. सुपरवायझरने सगळ्यांच्या वतीने एक कुलूप घालणं हा शॉर्टकट दिसायला नीटनेटका, पण त्यात सहा जीव एका माणसाच्या लक्षात राहण्यावर टांगलेले असतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका ट्यूना डबाबंद करणाऱ्या कारखान्यात एक जीव असाच दुसऱ्याच्या समजुतीवर टांगलेला राहिला. सुमारे अकरा मीटर लांबीच्या रिटॉर्टमध्ये, म्हणजे डबे वाफेवर शिजवायच्या प्रेशर कुकरमध्ये, एक कामगार आत होता. तो बाथरूमला गेला असेल असं सहकाऱ्याला वाटलं. डब्यांनी भरलेल्या गाड्या आत ढकलल्या गेल्या, पाच टनांच्या वर माल, दार लागलं, वाफ सोडली गेली. तो सापडला दोन तासांनी. २०१५ मध्ये त्या कंपनीने साठ लाख डॉलर भरून खटला मिटवला. त्याच्या खिशात किल्ली असती आणि दाराला त्याचं कुलूप असतं, तर सहकाऱ्याला काय वाटलं याला काही महत्त्वच उरलं नसतं. नाशिकमध्येही आता पल्प आणि तयार खाण्याच्या पाकिटांसाठी रिटॉर्ट आले आहेत, वायनरीत माणूस उतरून धुतो अशा टाक्या आहेत. त्या टाक्यांत उतरण्याआधी पंप आणि व्हॉल्व्ह कुलूपबंद करणं तर हवंच, वर आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा धोका वेगळा, तो कुलपाने जात नाही.

आणि कुलूप घालून घरी निघून गेलेल्याचं काय, हा प्रश्न दर वेळी येतोच. कटर आणून तोडणं हे आपलं पहिलं उत्तर. त्याआधी तीन गोष्टी: तो माणूस आवारात नाही याची खात्री, त्याला फोन, आणि दुसऱ्या दिवशी कामाला हात लावण्याआधी त्याला सांगणं की तुझं कुलूप काढलंय. तोडायचा अधिकार पाळीत एकाच माणसाला, नावानिशी.

दर वर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, आपण बिल्ले लावतो, शपथ घेतो, पोस्टर स्पर्धेला बक्षिसं देतो. खंडेनवमीला मशीन धुऊन-पुसून हार घालतो. खरं सांगायचं तर वर्षातली सगळ्यात घाईची धुलाई तिच्या आदल्या रात्रीची असते. या दोन दिवसांपैकी एकावर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने, निमा-आयमासारख्या उद्योजकांच्या संघटनांना बरोबर घेऊन, व्याख्यान न ठेवता रात्री अकराला धुलाई चालू असताना फेरी काढावी. दंड करायला नको. फक्त प्रत्येक उघड्या मशीनसमोर थांबून धुणाऱ्याला म्हणायचं, "किल्ली दाखवा." निर्यातदार आणि मोठ्या शेतकरी उत्पादक कंपन्या बाहेरच्या लहान युनिटकडून माल घेतात, त्यांच्या व्हेंडर ऑडिटमध्येही हा एक प्रश्न घालायला काही अडचण नाही. वीसपेक्षा कमी कामगारांच्या गाळ्यापर्यंत पोचणारा दबाव तोच आहे, कारखान्यांचे नियम तिथे पोचत नाहीत.

पण या सगळ्याचं पाणी शेवटी धुलाईच्या ठेक्यात मुरतं. हा ठेका बहुतेक ठिकाणी रात्रीच्या ठोक रकमेवर असतो: आठ माणसं, अमुक लाईन, पहाटे सहाला स्वॅबसाठी तयार. मशीनची वीज तोडणं, कुलूप, हवा सोडणं, ट्राय, आणि परत जोडताना माणसं मोजणं याला मशीनमागे दहा मिनिटं धरली, तरी आठ मशीनची ऐंशी मिनिटं झाली. ती ऐंशी मिनिटं आज कोणाच्याच हिशोबात नाहीत. मालक म्हणतो ठेकेदाराने बघावं, ठेकेदार मुकादमाला सांगतो, आणि मुकादम ती धुणाऱ्याच्या झोपेतून नाहीतर त्याच्या बोटांवरून वसूल करतो. द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला की या ठेक्यांचे नवे दर ठरतात. त्या कागदावर लॉकआउटची मिनिटं वेगळी ओळ म्हणून, वेगळ्या दराने लिहा. कुलपं आणि ट्रेनिंग कारखान्याने द्यायचं असं लिहा. आणि सहाची वेळ साडेसात करा.